पिशवीतल्या गोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापुरात माझं औषधांचं दुकान आहे. जांबोटी, कणकुंबीकडची म्हातारी माणसं बाजाराला आली की पिशवी काउंटरवर पालथी करतात आणि म्हणतात, "संपल्यात त्या दे की." त्या पिशवीत काय असतं ते डॉक्टरांना क्वचित दिसतं, आम्हाला रोज. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांच्या पिशवीत अ‍ॅम्लोडिपिनच्या, म्हणजे बीपीच्या गोळ्यांच्या, दोन पट्ट्या निघाल्या. एक सरकारी दवाखान्यातली, दुसरी खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली. नाव वेगळं, वेष्टन वेगळं, औषध एकच. आजोबा दोन्ही घेत होते, आणि शुगरच्या पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती. सून म्हणाली, "विसरतात हो, वय झालं."

ज्याला आठवत नाही त्याच्याच गळ्यात आपण गोळ्यांचा हिशेब अडकवतो. आणि गोळ्या चुकत राहिल्या की विसरणं वाढू शकतं. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे, कमी ऐकू येणंही आहे. ती सगळी आवरली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. अमेरिकेतल्या नऊ हजारांवर लोकांच्या एका चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मरणशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली. मात्र त्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते, आणि माझ्याकडे बीपीच्या गोळ्या नेणाऱ्यांतले कितीतरी शुगरच्याही नेतात. तेव्हा ते आकडे इथं जसेच्या तसे लावू नयेत.

शुगरची गोष्ट तर उलट्या बाजूनंही बिघडते. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन माणूस भातकापणीला गेला आणि जेवण लांबलं की साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, बोलणं भरकटतं. घरचे म्हणतात, म्हातारचळ! दोन चमचे साखर पाण्यातून दिली की थोड्या वेळात माणूस ताळ्यावर येतो. साखर अशी फार उतरून दवाखान्यात न्यावं लागलेल्यांत पुढं स्मृतिभ्रंश जास्त आढळलाय.

आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या श्रीनिवासपूर तालुक्यात, बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र खेड्यांतल्या ४५ वर्षांवरच्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतंय. असं काम सीमाभागातही व्हावं, आणि इथल्या मराठी म्हाताऱ्यांना प्रश्न मराठीतच विचारावेत. सीमावादाचं पान वेगळं, ते तिकडंच छापा. स्मरणाच्या चाचणीत काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारतात. नंदगडच्या आजीनं घरात कधी न बोललेले शब्द तिला आठवले नाहीत, तर तपासली काय, स्मरणशक्ती की कन्नड?

संशोधन होईल तेव्हा होईल. तोवर आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासायच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाची पिशवी रिकामी करून बघा, ऐकू येतं का विचारा, गोळ्या देणारं घरचं कुणीतरी सोबत बोलवा. यातलं बरंचसं काम शेवटी आशाताईंवरच येणार. ते सांगायच्या आधी त्यांचं मानधन वाढवा.

आपला,
एक औषध दुकानदार
खानापूर, जि. बेळगाव