माणसाला नको ते पिल्लालाही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साठवणीच्या पदार्थांवर पानभर मजकूर आला आहे. बरण्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कोरड्या कराव्यात, फोडी पुसून घ्याव्यात, दादरा घट्ट बांधावा, हे सगळं नीट सांगितलं आहे आणि नव्याने स्वयंपाकघर हाती घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. पण त्याच पानावर खाली 'काहीच वाया घालवू नका' अशी एक चौकट आहे. कांदा-लसणाचा चोथा, बरणीच्या तळाशी उरलेला खार आणि बुरशी धरलेल्या फोडी दारच्या कुत्र्यांना घालाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्या घरात पिल्लं आहेत तिथे तो जिवावर बेतणारा आहे.

आमचं घर शेतात आहे. काळी नावाची कुत्री आहे आणि तिची पिल्लं सध्या ओसरीवरून अंगणात उतरायला शिकली आहेत. त्याच अंगणात चादरींवर टोमॅटोच्या चकत्या, मिरच्या आणि द्राक्षं वाळत पडलेली असतात. राखणीला मुलं. माझी मुलगी थोडी जाणती आहे, जाऊबाईंचा धाकटा चार वर्षांचा. दाराबंद घरात मूल एका खोलीत, अन्न दुसऱ्या खोलीत आणि कुत्रा तिसरीकडे ठेवता येतो. शेतावरच्या घरात तिघंही एकाच उन्हात दिवसभर असतात. चौकटीतला सल्ला मोठ्यांसाठी लिहिला असेल, पण आमच्यासारख्या घरात 'जा, हे कुत्र्याला घालून ये' असं सांगितलं जातं ते मुलालाच. आणि न सांगताही ते मूल स्वतःच्या हातातला घास पिल्लाला देतंच.

मागच्या हंगामात धाकट्याने तसंच केलं. मनुका जवळजवळ वाळून झाल्या होत्या. त्याने दोन्ही मुठी भरून पांढऱ्या पायाच्या पिल्लाला भरवल्या आणि आत येऊन आनंदाने सांगितलं, "काकू, त्याने सगळा खाऊ संपवला." मी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते गाडीवरून आले आणि त्यांनी औषध देऊन पिल्लाला उलटी करवली. त्या उलटीत मनुका अख्ख्याच्या अख्ख्या होत्या, फुगून पुन्हा द्राक्षासारख्या झालेल्या, एकीवरही दाताची खूण नव्हती. डॉक्टरांनी काडीने त्या बाजूला केल्या, किती गेल्या असतील याचा अंदाज घेतला आणि पुढचे दोन दिवस सलाईन चालू ठेवलं. पिल्लू वाचलं, कारण तासाभरात कळलं. रात्री कळलं असतं तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

द्राक्षं आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे पशुवैद्यांच्या नियतकालिकांतून 2001 पासून छापून येत आहे. कारण मात्र बरीच वर्षं सापडत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं. किती खाल्लं तर बाधेल याचा पक्का आकडा देता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, दुसऱ्याला थोडक्यात बाधतं. सुरुवातीला फक्त उलट्या होतात, पिल्लू मलूल पडतं, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. तोवर उशीर झालेला असतो.

कांद्याचं तर मला जास्त वाटतं, कारण कांदा प्रत्येक घरात आहे. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. दोन किलोच्या पिल्लाला म्हणजे एखादा लहान कांदाही पुरतो. लसूण त्याहून तीव्र. शिजवून किंवा तळून हा दोष जात नाही, आणि वाळवला की पाणी उडून तो आणखी एकवटतो. म्हणजे साठवणीसाठी आपण जे करतो त्याने पिल्लाचा धोका वाढतोच. हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप लागणं, लघवी तांबूस-तपकिरी होणं ही लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर घातलं, काही झालं नाही." त्यांचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. पण सोमवारी कांद्याचा चोथा खाल्लेलं पिल्लू शुक्रवारी गेलं, तर त्या दोन गोष्टींची सांगड कोण घालणार? 'रोगट होतं, राहिलं नाही' असंच आपण म्हणत आलो.

आता बुरशी. माणसाला चालत नाही ते जनावराला चालेल, हा समज किती महागात पडतो याचं उदाहरण 1960 सालचं आहे. इंग्लंडमध्ये त्या वर्षी लाखभर टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. त्यांच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते यकृतावर घाला घालतं, आणि कुत्र्याचं यकृत या विषापुढे फार नाजूक आहे. साध्या शिजवण्याने ते पुरतं नष्ट होत नाही. शिवाय पाव, चीज, फळं यांवरच्या काही बुरश्या अशी विषं तयार करतात, की ती पोटात गेल्यावर काही तासांतच कुत्रं थरथर कापू लागतं आणि त्याला झटके येतात. वरचा पांढरा-हिरवा थर चमच्याने काढून 'खालचं चांगलं आहे' म्हणणंही बरोबर नाही. मऊ, ओलसर पदार्थात बुरशीचे तंतू आणि विष आतपर्यंत पोचलेलं असतं. असं अन्न खोल पुरावं. उघड्या उकिरड्यावर टाकलं तर ते पिल्लांना वाढल्यासारखंच आहे, त्यामुळे खताच्या खड्ड्यावर झाकण हवं किंवा भोवती जाळी.

खार म्हणजे मिठाचं पाणी. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ गेलं की बाधा दिसू लागते, चारच्या आसपास जीव जाऊ शकतो. दोन किलोच्या पिल्लाला चहाचा एक सपाट चमचा मीठही बाधतं. आणि पिल्लू आंबट-खारट चाटतं, नाक मुरडून मागे फिरत नाही. याच कारणासाठी आणखी एक सांगते: पिल्लाने काही भलतंसलतं खाल्लं तर उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायची जुनी रीत पूर्ण सोडा. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवू दे. आपण फक्त काय खाल्लं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं एवढं नीट सांगायचं.

त्याच पानावर तब्येतीसाठी लोणच्यातलं मीठ निम्मं करा, असंही एक वाक्य आहे. ते वाचून मला काळजी वाटली. मीठ तिथे चवीपुरतं नसतं. ते पाणी बांधून ठेवतं आणि नको ते जंतू वाढू देत नाही. मिठात आंबवायच्या भाज्यांना वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ लागतंच. ते निम्मं केलं की भाजी मऊ पडते, वर पापुद्रा येतो, बुरशी धरते आणि मग ती चौकटीत लिहिल्याप्रमाणे पिल्लापुढे जाते. कमी मीठ खायचं असेल तर फोड लहान घ्यावी, बरणीतलं प्रमाण तसंच ठेवावं. तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाबद्दल तर पुरवणीत अवाक्षर नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातल्या लसणाने छत्तीस जणांना बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पाडणारी जीवघेणी विषबाधा, झाली होती. त्या जंतूला हवा नको असते आणि आंबटपणा चालत नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो. वासाने, रंगाने काही कळत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरने पुरेसं आंबट केल्याशिवाय ते बाहेर ठेवूच नये, आणि झाकण फुगलेली बरणी चाखूनही बघू नये.

मग मुलांना आणि पिल्लांना अंगणातून हाकलावं का? मी तसं म्हणणार नाही. तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही पिल्लं चौदा आठवड्यांपर्यंत माणसांपासून लांब वाढवली होती. ती पुढे माणसाला जवळ येऊ देईनात, रानातल्या जनावरासारखी बुजून राहिली. मुलांच्या मांडीवर, भांड्यांच्या आवाजात, माणसांच्या वर्दळीत वाढलेलं पिल्लू पुढे सहसा कुणावर उगाच धावून जात नाही. आणि मुलांनाही यातून जे मिळतं ते दुसरीकडे मिळायचं नाही. आमच्या मुलीला मनुका वाळली की नाही हे दोन बोटांत दाबून कळतं, आणि काळीने कान मागे घेतले की पिल्लांजवळून उठायचं हेही कळतं.

आम्ही मुलांना नियम थोडे आणि कारणासकट सांगतो. पिल्लाला घ्यायचं ते जमिनीवर बसून. आई जेवत असताना किंवा पाजत असताना जवळ जायचं नाही. पिल्लांना द्यायचं ते त्यांच्याच ताटलीतलं, अंगणातलं काही नाही. आणि चादरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. यामागे नुसती टापटीप नाही. पिल्लं बहुधा आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात, दुधातूनही ते येतात. त्या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि मातीतून मुलाच्या तोंडात. त्यांतून निघालेल्या अळ्या मुलाच्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून अंगण रोजच्या रोज साफ केलं तर निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं काम जंताच्या औषधाचं: पिल्लं दोन आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, आणि बरोबर आईलाही.

चावण्याबद्दल तर मुलांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी: ओरखडा आला, दात लागला, तर येऊन सांग, कुणी रागावणार नाही. रागावण्याच्या भीतीने मुलं जखम लपवतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. 6 जुलै 1885 रोजी शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी आपली रेबीजची लस डॉक्टरांकरवी टोचवली ती जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला, कुत्रा चावला म्हणून. अन्न आपोआप नासत नाही, जंतूंमुळे नासतं, हे दाखवून देणारेही तेच पाश्चर. मुलीला मी हे बरण्या उकळताना सांगितलं, तेव्हापासून ती झाकणं स्वतः मोजून पाण्यात सोडते.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. ती चौकट जिथे छापली होती तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, खार आणि बुरशीचं काहीही पिल्लाला घालू नये, हे मुलांना स्वतः वाचता येईल अशा सोप्या शब्दांत लिहा, म्हणजे ते कापून फडताळाच्या दारावर चिकटवता येईल. वाळवणाचे दिवस अजून संपलेले नाहीत, त्यामुळे हे याच रविवारी यावं.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. मधुमेह्यांसाठी बिनसाखरेचा मुरंबा किंवा जॅम करताना काही जण झायलिटॉल वापरतात. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र त्याने अर्ध्या-एक तासात धोकादायक खाली जाऊ शकते. दुरुस्तीत हेही घ्यावं.