'हेलसिंग'चा अपुरा संच 'संपूर्ण मालिका' म्हणून विकल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन स्वतंत्र मालिका एकाच मालिकेचे दोन सीझन म्हणून विकणे, त्यांतली दुसरी अर्धवट देणे, वयाची वर्गवारी चुकीची दाखवणे आणि पैसे परत मिळणे याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या ॲपवर 'हेलसिंग: संपूर्ण मालिका, सीझन १ व २' हा जपानी ॲनिमेशनचा संच मी ७९९ रुपये भरून विकत घेतला. भाड्याने नव्हे, कायमचा. तो संपूर्ण नाही आणि त्यात दोन सीझनही नाहीत. चॅटवर हे कळवल्यावर उत्तर आले की 'कथानकाविषयीचे निर्णय निर्मात्यांचे असतात, आपला अभिप्राय संबंधित टीमपर्यंत पोचवला आहे.' कथानकाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे आता सगळे लेखी देते आहे.

कोउता हिरानो यांची 'हेलसिंग' ही मांगा, म्हणजे व्हॅम्पायरशी लढणाऱ्या संस्थेची जपानी चित्रकथा, १९९७ ते २००८ या काळात 'यंग किंग आवर्स' या जपानी मासिकातून आली. पुस्तकरूपात तिचे १० खंड आहेत. तिच्यावर ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, दोनदा झाले. पहिले २००१ साली, गोन्झो स्टुडिओचे, टीव्हीसाठी, १३ भागांचे. तेव्हा मांगा चालूच होती आणि पुढचे बरेच कथानक लिहून व्हायचे होते. म्हणून टीव्हीवाल्यांनी इन्कॉग्निटो नावाचा आपला खलनायक आणला आणि शेवटही आपल्याच मनाने केला. दुसरे 'हेलसिंग अल्टिमेट', २००६ ते २०१२ दरम्यान सवडीने एकेक करून डीव्हीडीवर आलेले १० भाग. हे मूळ मांगाला धरून आहे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगते. अमुक मालिका चांगली, तमुक वाईट, हा वाद मी घालत नाही. यासुशी इशी यांच्या संगीतासाठी मी २००१ची मालिका आजही लावते. पण एकाच नाटकाचे दोन कंपन्यांनी बसवलेले प्रयोग पाठोपाठ लावून एकाला पहिला अंक आणि दुसऱ्याला दुसरा अंक म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. आपला 'सीझन १' संपतो तेव्हा हेलसिंग संस्थेची प्रमुख सर इंटेग्रा हेलसिंग ('सर' हा तिचा किताब) तुरुंगात आहे. पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि त्यात तीच इंटेग्रा लहान मुलगी! सख्खा काका जिवावर उठलाय म्हणून ती तळघरात पळते आणि तिथे कोंडलेल्या अलुकार्ड या व्हॅम्पायरला आयुष्यात पहिल्यांदा पाहते. थोड्या वेळाने चेडर गावात सेरास व्हिक्टोरिया पुन्हा साधी पोलीस, पुन्हा तिला गोळी, पुन्हा ती व्हॅम्पायर. माझ्या धाकट्या बहिणीने मांगा वाचलेली नाही. ती म्हणाली, "ताई, ही मेली होती ना आधीच?" तिला मी समजावले. तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कोण समजावणार?

आता मुख्य मुद्दा. 'अल्टिमेट'च्या १० भागांपैकी आपण ४ दिले आहेत. चौथ्यात नाझी सैन्याचा म्होरक्या मेजर आपल्या माणसांपुढे उभा राहून युद्धावरच्या प्रेमाचे ते लांबलचक भाषण करतो. ज्यांनी ही गोष्ट पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की सगळी तयारी त्या भाषणासाठी असते आणि खरी लढाई त्यानंतर सुरू होते. लंडनवर येणारी झेपेलिन हवाई जहाजे, व्हॅटिकनच्या इस्कारियट या लढाऊ संघटनेची चढाई, तिचा पाद्री अँडरसन आणि अलुकार्डची शेवटची झुंज, सगळे पुढच्या ६ भागांत आहे. इंटेग्राच्या बटलरचे, वॉल्टरचे, काय होते ते मुद्दाम लिहीत नाही, आपल्या कार्यालयात कुणी अजून पाहत असेल. आपल्या ॲपवर मात्र भाषण संपले की 'तुम्ही ही मालिका पूर्ण पाहिली आहे' अशी पाटी येते.

पहिले ४ भाग सॅटलाइट या स्टुडिओने केले, ५ ते ७ मॅडहाउसने आणि शेवटचे ३ ग्राफिनिकाने. आपल्याकडे पहिल्या चारचेच हक्क असतील तर माझी काही हरकत नाही. तसे पानावर लिहा आणि किंमत त्या मानाने ठेवा. 'संपूर्ण' लिहून पूर्ण पैसे घेतलेत, तक्रार त्याची आहे.

बारीकसारीक चुका आणखी आहेत. 'अल्टिमेट'चे ४० मिनिटांच्या वरचे भाग पानावर २४ मिनिटांचे दाखवले आहेत. जपानी आवाज निवडला तरी खाली येणारी इंग्रजी सबटायटल्स इंग्रजी डबिंगची असतात, त्यामुळे पात्र बोलते एक आणि खाली उमटते दुसरेच. जोजी नाकाता यांचा अलुकार्ड मूळ आवाजात ऐकायचा म्हणून मी हा संच घेतला, त्या हौसेवर निम्मे पाणी इथेच पडले.

वयाचा शिक्का मात्र बारीक बाब नाही. दोन्हींना मिळून आपण 'यू/ए १३+' लावले आहे. 'अल्टिमेट'मध्ये माणसे फाडली जातात, सुळावर चढवली जातात, नाझी सैन्य शहरातल्या लोकांची कत्तल करते. भीतीची गंमत म्हणून सातवी-आठवीतल्या मुलांनी बसून पाहावे असे ते नव्हे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन कार्यक्रमांची वयानुसार वर्गवारी करण्याची जबाबदारी आपली आहे. माझ्या पत्राचा आधार घेऊन एकही दृश्य कापू नका, ती माझी मागणी नाही. 'ए' लावा, एवढेच.

माझी मागणी अशी: ७९९ रुपये ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत. वॉलेटमधले पॉइंट किंवा पुढच्या खरेदीवरची सवलत मला नको. दोन्ही मालिकांची पाने वेगळी करून त्यांवर साल आणि भागांची खरी संख्या टाकावी. उरलेले ६ भाग येणार असतील तर कधी, आणि नसतील तर नाही, हे लेखी कळवावे.

वर उल्लेख केलेल्या नियमांत तक्रारीवर निर्णय देण्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. तेवढी वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर मराठीत दिले तर उत्तम, इंग्रजीत चालेल, पण चॅटवरचे तेच ठरावीक वाक्य पुन्हा पाठवू नये.

आपली,
एक ग्राहक, सांगली

सोबत: खरेदीची पावती, मालिकेच्या पानाचे स्क्रीनशॉट, चॅटची प्रत.