संसदेच्या इतिहासात गोवा कुठे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेच्या सहलीबरोबर दिल्लीला गेलो असता संसदेचा इतिहास सांगणारे एक संग्रहालय मार्गदर्शकासह पाहण्याचा योग आला. मार्गदर्शक जाणकार होते. जुन्या वर्तुळाकार इमारतीचे १४४ खांब, १९२७ मधील तिचे उद्घाटन आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी भरलेली संविधान सभेची पहिली बैठक त्यांनी अशी रंगवली की, एरवी मोबाइलमध्ये डोके घालणारी मुलेही थबकून ऐकत राहिली. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, “सर, तेन्ना आमचें गोंय खंय आशिल्लें?”

उत्तर देणे माझे काम होते, ते मी परतीच्या बसमध्ये दिले. त्या बैठकीच्या जेमतेम सहा महिने आधी, १८ जूनला, मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली होती. पण आपला कारभार लिस्बनहून चालत असल्याने दिल्लीच्या त्या सभागृहात गोव्याचा प्रतिनिधी असणे शक्यच नव्हते. लिस्बनच्या संसदेसाठी मात्र १८२२ सालीच बेर्नार्दो पेरिस दा सिल्वा यांच्यासह तीन प्रतिनिधी गोव्यातून निवडले गेले होते, यावर मुलांचा विश्वास बसेना. मुक्तीनंतर गोव्याला भारतात सामावून घेणारी १९६२ ची बारावी घटनादुरुस्ती, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे हे विचारणाऱ्या जनमत कौलाचा १९६६ चा कायदा आणि १९८७ मधील घटक राज्याचा दर्जा, हे सारे दिल्लीच्या संसदेतच ठरले. योगायोग असा की, आपल्या पहिल्या विधानसभेचे मतदानही ९ डिसेंबरलाच, १९६३ साली झाले.

हे सारे दिल्लीत कोणी सांगावे, अशी माझी अपेक्षा नाही. ती विधानसभा ९ जानेवारी १९६४ रोजी जिथे प्रथम भरली, तो मांडवीकाठचा आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे आपले जुने सचिवालय, पणजीतच उभे आहे. पर्वरीचे संकुल होईपर्यंत कामकाज तिथेच चाले. शाळांसाठी तिथे मराठी व कोकणीतून मार्गदर्शकासह नियमित फेरी सुरू करावी, अशी शासनाला विनंती आहे. नुसत्या फलकांनी भागणार नाही; मुले फलक वाचायला थांबत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मार्गदर्शकांची तयारी करून घेताना, त्या सभागृहात लघुलेखक किंवा शिपाई म्हणून ज्यांनी नोकरी केली, त्यांच्यापैकी आज जे हयात आहेत त्यांना आधी बोलते करावे.

आपला विश्वासू,
एक शिक्षक, फोंडा