मावशी, तुम्ही तारीख दिली नाहीत म्हणून थँक्यू

प्रिय मावशी,
जय ख्रिस्त.

तुमचं नाव लिहीत नाहीये, लिहिलं तर फोन करून झापाल. पण आपल्या चर्चच्या मंडळीतल्यांना दोन ओळीतच कळेल कोणाबद्दल चाललंय ते, आणि कळू दे. तोंडावर तुम्ही आभार मानूच देत नाही, "स्तुती प्रभूची कर आणि मला चहा दे" म्हणून विषय संपवता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस असतं आणि नाव ट्रान्सप्लान्टच्या वेटिंग लिस्टवर आहे. ह्यांचा ग्रुप ओ. ओ वाल्याची किडनी बाकीच्यांना चालते पण ओ वाल्याला फक्त ओ चीच, माझा आहे बी, सासूबाईंना शुगर, म्हणजे घरातून काही जमलं नाही. ग्रुप न जुळताही करतात आता पण त्याचा खर्च ऐकूनच आम्ही परत आलो. राहिली ती ब्रेन डेड झालेल्या कोणाच्या तरी घरच्यांनी हो म्हटलं तर मिळणारी. आणि ती लिस्ट काही रेल्वेच्या वेटिंगसारखी नसते की काल १४ होतो आज ११ झालो. ग्रुप, वय, डायलिसिसवर किती काळ काढला असं बरंच काही बघतात, कधी नंबर लागेल ते कोणी सांगूच शकत नाही.

पण सांगणारे भेटले ना! सुरुवातीला घरी प्रार्थनेला खूप लोक यायचे, आणि एकदा बाहेरून आलेल्या एका भावांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून ठासून सांगितलं की नाताळाच्या आत मशीन सुटेल, प्रभूने मला दाखवलंय. आम्ही सगळे जोरात आमेन म्हटलो. नाताळ आला आणि गेला, मशीन तिथेच. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली, विश्वासात कमी पडतायत, घरात काहीतरी लपलेलं असणार, वगैरे. ह्यांनी उपासनेला यायचं बंद केलं. डायलिसिसने थकवा येतो म्हणायचे, येतोच तो, पण रविवारी सकाळी पेपर उलटा-सुलटा करत बसायला थकवा येत नव्हता.

त्याच दिवसांत तुम्ही आलात आणि घरी नाही आलात, सरळ डायलिसिस युनिटमध्ये आलात. मिशन हॉस्पिटलमध्ये अख्खी नोकरी नर्स म्हणून काढलेली बाई, तुम्ही काय घाबरणार. मला अजून आठवतंय, तुम्ही आधी डोक्यावर नाही, ह्यांच्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, दोन बोटं ठेवलीत, डोळे मिटून ती आतली थरथर बघितलीत आणि म्हणालात, "थ्रिल मस्त आहे रे, ह्या हाताला बीपीचा पट्टा कोणाला लावू देऊ नकोस, पिशव्या उचलू नकोस." मग स्टूल ओढून बसलात. प्रार्थना त्या दिवशी केलीतच नाही बहुतेक, मशीनवरचे आकडे मला समजावून सांगितलेत. ह्यांना दिवसभरात मोजून पाणी, त्यात उन्हाळा, तर बाटलीतल्या त्याच मोजलेल्या पाण्याचा बर्फ करून एकेक तुकडा तोंडात धरायचा हे तुम्हीच शिकवलंत. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हेही तुमचंच. नाताळच्या फराळात ह्यांच्यासाठी खोबरं-काजू-मनुका न घातलेल्या वेगळ्या करंज्या तुम्ही करून आणल्यात, चवीला अगदीच काहीतरी होत्या, पण ह्यांनी सगळ्या खाल्ल्या.

आणि मग ते यिर्मयाचं. आमच्या हॉलमध्ये फ्रेम आहे, वास्तूच्या प्रार्थनेला कोणीतरी दिलेली, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, देवाचे आपल्याविषयी हिताचे संकल्प, अनिष्टाचे नाहीत. अर्ध्या मंडळीच्या व्हॉट्सॲप डीपीला तेच असतं. हे एकदा मशीनवर असताना चिडून बोलले की मावशी ती फ्रेम काढायला सांगा हिला, मला बघवत नाही. तुम्ही म्हणालात काढू, पण आधी २८ वा अध्याय वाच मोठ्याने. तिथे हनन्या संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की बाबेलला नेलेले लोक आणि सामान दोन वर्षांत सगळं परत येईल, यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडतो. ह्यांनी वाचता वाचता माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "पुढे बघ, यिर्मया काय म्हणतो, आमेन म्हणतो, परमेश्वर असंच करो म्हणतो. त्यालाही दोन वर्षंच हवी होती रे. पण देवाने सांगितली ७०." अकराव्या वचनाच्या वरच्याच ओळीत ७० लिहिलंय, फ्रेमवाले ती ओळ घेत नाहीत. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं हे पत्र, आणि परत जायची मोकळीक मिळाली ती पारसाच्या कोरेश राजाच्या वेळी, ५३८ च्या सुमारास, म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बरेचसे बाबेलातच वारले असणार. हे तुम्ही शांतपणे बोटांवर मोजून सांगितलंत. हे म्हणाले, "मग त्यांच्यासाठी हित ते काय?" तुम्ही पाचवं-सहावं वचन वाचायला लावलंत. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, लेकी द्या.

लेकी द्या म्हटल्यावर मी खाली मान घातली. कारण आमच्या लेकीचं ठरलेलं लग्न आम्ही ट्रान्सप्लान्ट झाल्यावर करू म्हणून पुढे ढकलत होतो, तो मुलगा बिचारा काही बोलत नव्हता, त्याच्या घरचे मात्र विचारायला लागले होते. पुढच्या आठवड्यात आम्ही पाळकसाहेबांना भेटून तारीख घेतली, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाची, त्या दिवशी ह्यांना जरा बरं असतं. लेकीचा हात धरून हे चर्चमध्ये चालत आले, ब्लेझरची बाही फिस्टुलावर घट्ट होत होती म्हणून तुम्हीच आदल्या रात्री शिवण उसवून दिली होतीत. मंडळीत कुजबुजणारे पण जेवून गेले, असो.

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या फोनची, ती मी कोणाला फारशी सांगितलेली नाही. हॉस्पिटलमधून फोन आला, ओ ची किडनी आहे, उपाशीपोटी लगेच या. एका किडनीसाठी एकाहून जास्त पेशंटना बोलावतात, क्रॉसमॅच करतात, म्हणजे कोणाच्या रक्ताशी जुळते ते तपासतात, हे माहीत होतं तरी वाटतच की आता झालं. तुम्ही आमच्या आधी पोचलात, शाल गुंडाळून बाकावर. पहाटे कळलं की दुसऱ्याची जुळली. मला रडूही येईना. तुम्ही आमचे दोघांचे हात धरलेत आणि प्रार्थना केलीत, आधी ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरासाठी, मग ज्याला किडनी मिळाली त्याच्यासाठी, की त्याचं शरीर ती स्वीकारू दे. आमच्यासाठी सगळ्यात शेवटी, अगदी थोडकं. मला तेव्हा राग आला होता तुमचा, खरं सांगते. आता मी रोज त्याच क्रमाने प्रार्थना करते.

घरी येताना रिक्षात ह्यांनी तुम्हाला विचारलं, आणि नाहीच आली तर? दुसरं कोणी असतं तर असं बोलू नये भाऊ म्हणालं असतं. तुम्ही म्हणालात बायबलात इब्री ११ मध्ये विश्वासाने चाललेल्यांची नावं आहेत, त्यात पण सगळ्यांना मिळालं नाही, वचन दुरून बघूनच गेले कितीतरी. "वचन किडनीचं नाहीये रे, तो सोडणार नाही ह्याचं आहे. किडनी आपण मागतोय, मी पण मागतेय, रोज मागतेय, थांबणार नाही." रिक्षावाला आरशातून बघत होता.

तर मावशी, नाव अजून लिस्टवरच आहे. हे उपासनेला येतात, मागच्या बाकावर, पंख्याखाली. कधी वैतागले की तेराव्या स्तोत्रातलं "कोठवर, परमेश्वरा" स्वतःच काढून वाचतात, तुम्ही वाचायचात तसंच, घाई न करता. फ्रेम भिंतीवरच आहे, ह्यांनी तिच्या कोपऱ्यात पेनाने "वचन १० पण" असं लिहून ठेवलंय.

आणि आता तुमच्या गुडघ्याचं. एक्सरे काढते काढते म्हणून किती महिने टाळताय, नर्स असून. शनिवारी ह्यांचं डायलिसिस नसतं, मी दहाला रिक्षा घेऊन दारात उभी राहते. वादावादी नको, प्रार्थना रस्त्यात करू.

तुमचीच,
डब्यातल्या करंज्या अजून आठवणारी