५२९ की ३९?

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. १०० वॅटच्या बल्बचा रोध, म्हणजे विजेच्या धारेला होणारा अडथळा, सूत्राने ५२९ ओहम निघाला आणि मल्टिमीटरवर मात्र ३९ ओहमच दिसला, तेव्हा मीटर बिघडला असावा, तो बदलून आणू का, असे तू विचारले आहेस. मीटर बदलू नकोस. तुझे गणित बरोबर आहे आणि मीटरही खरेच सांगतो आहे. तू नकळत त्या दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारलेस.

बल्बवर २३० व्होल्ट, १०० वॅट असे छापलेले असते. शक्ती (वॅट) म्हणजे दाब (व्होल्ट) आणि धारा (अँपिअर) यांचा गुणाकार, म्हणून १०० ला २३० ने भागल्यावर सुमारे ०.४३५ अँपिअर धारा मिळते, आणि २३० व्होल्टला या धारेने भागले की ५२९ ओहम येतात. ही धारा पेटलेल्या बल्बची आहे. त्या वेळी आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. तू मीटर लावलास तो होल्डरमधून काढलेल्या गार बल्बला, आणि मीटरने स्वतःच्या बॅटरीतून जी किंचितशी धारा सोडली तिने ती तार कोमटसुद्धा झाली नसेल.

३९ हा आकडाही पोकळ नाही. बटण दाबतो त्या क्षणी तार गारच असते, त्यामुळे २३० भागिले ३९, म्हणजे जवळजवळ ६ अँपिअर धारा तिच्यातून एकदम धावते आणि तार तापताच ती अर्ध्या अँपिअरच्या खाली येते. जुना बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडतो, असे तू लहानपणी मला विचारायचीस. त्याचे उत्तर आज तुझ्या स्वतःच्या वहीत आले आहे, याचा मला फार आनंद झाला.

म्हणून रोध काढताना दाब आणि धारा ही दोन्ही मापे एकाच वेळची, एकाच वस्तूची आणि तिच्या त्याच दोन टोकांची घ्यावीत. ज्यांच्या नावावरून रोधाच्या मापाला ओहम म्हणतात, त्या ओहम यांनीही हे पथ्य पाळले होते. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या एका कुलूप बनवणाऱ्याचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत शिकवत असताना प्रयोग करीत होता, आणि त्या काळच्या विद्युतघटांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळत असे. तेव्हा त्यांनी दोन धातूंच्या जोडापासून वीज घेतली, जोडाचे एक टोक बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्यात ठेवून दाब स्थिर केला, आणि मगच त्यांच्या आकड्यांत दाब, धारा आणि रोध यांना जोडणारा नियम दिसू लागला. १८२७ साली त्यांनी तो पुस्तकरूपाने मांडला; रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळायला १८४१ साल उजाडले.

आता तुझ्या खोलीतल्या पाणी तापवायच्या रॉडकडे वळू, कारण त्याची मला खरी काळजी आहे. तो १५०० वॅटचा आहे, म्हणजे धारा सुमारे ६.५ अँपिअर आणि रोध सुमारे ३५ ओहम. त्यातली तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असल्याने गार आणि गरम रोधात फारसा फरक पडत नाही. इथे मीटर आणि सूत्र जवळजवळ जुळतील. पहाटे दाब २०० व्होल्टवर उतरला तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते आणि १५०० चे सुमारे ११३० वॅटच उरतात. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे.

तीच ६.५ अँपिअर धारा प्लगच्या पिनेतूनही जाते. पीन सैल बसून तिथे अर्धा ओहम रोध झाला, तर तिथली शक्ती किती? २३० चा वर्ग करून अर्ध्याने भागलेस तर लाखाच्या वर वॅट येतील, आणि ते साफ चूक आहे, कारण २३० व्होल्ट त्या पिनेवर नसून संपूर्ण मंडलावर आहेत. पिनेच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन व्होल्ट येतात. तिथे धारेचा वर्ग गुणिले रोध हेच सूत्र धर: ६.५ चा वर्ग सुमारे ४२, त्याचे अर्धे २१ वॅट. आपल्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे. तितकी उष्णता बोटाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत, रोज अर्धा तास साठत राहिली तर काय होईल ते तुला निराळे सांगायला नको.

पंख्यावर किंवा मोटारीवर ही भागाकाराची रीत जशीच्या तशी लावू नकोस. तिथे धारेला वेटोळ्यांमुळे होणारा विरोध नुसत्या तारेच्या रोधाहून फार मोठा असतो, आणि वॅट काढताना पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे दाब आणि धारा यांच्या गुणाकारातला खरा कामी येणारा हिस्सा सांगणाऱ्या आकड्यानेही, गुणावे लागते. त्याविषयी तू सुट्टीत आल्यावर मोटार उघडून बोलू.

तोपर्यंत रॉड ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे आजपासून बंद कर आणि वसतिगृहात १६ अँपिअरचा सॉकेट कुठे आहे ते विचार. पाणी तापल्यावर आधी बटण बंद करून, प्लग काढून, दोन्ही पिना हाताला किती गरम लागतात ते पाहा आणि मला कळव.

तुझे,
बाबा