काटा कुठं होता, असं विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

माझी सारखी बंद पडणारी गाडी दुरुस्त केल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते असं चारचौघांत लिहितेय त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात मी भेटेल त्याला "जुनी गाडी मधेच बंद पडत असेल तर फ्युएल पंप बदलून टाका" असं छातीठोकपणे सांगत सुटले होते. दोघांनी तर बदललाही. तेव्हा खरं काय होतं तेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं.

तुम्हाला आठवत असेल, मी रस्त्याच्या कडेला हझार्ड लाइट लावून बसले होते. त्याआधी दोघं-तिघं थांबून गेले होते. प्रत्येकाने आल्या आल्या बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावून "हं" केलं आणि बॅटरीची टर्मिनल्स हलवून पाहिली. तुम्ही बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीशी वाकून विचारलंत, "ताई, बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा कुठं होता?"

मला सांगता आलं नाही. गाडी मी चालवत होते, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा तो काटा माझ्या नाकासमोर होता, आणि इतक्या वेळा बंद पडूनही मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, "बरं, लाल दिवे लागले होते का? ऑइलचा, बॅटरीचा?" ते लागले होते, एवढं आठवत होतं. "म्हणजे किल्लीचा स्विच सुटला," तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं काहीतरी तुटून पडलं. तुमचा अर्थ होता की स्विच संशयातून सुटला. इग्निशन स्विचचेच संपर्क झिजून वीज जात असती तर डॅशबोर्डही काळा पडला असता. गाडीच्या कशालाही हात न लावता, एका दिव्यावरून एक भाग बाद. माझ्या आधीच्या मेकॅनिकने हाच स्विच बदलायच्या यादीत दुसऱ्या नंबरवर लिहिला होता.

त्या यादीबद्दल थोडं बोलते, कारण चूक एकट्या मेकॅनिकची नव्हती. मी प्रत्येक गॅरेजमध्ये जाऊन एकच वाक्य बोलायचे: "गरम झाली की बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की सुरू होते." ऐकायला किती नेमकं! हे ऐकून कुणीही अनुभवी माणूस पंप किंवा एखादा तापणारा सेन्सर असंच म्हणणार. सगळ्यांनी माझ्या वाक्याचं निदान केलं. गाडीचं कुणी केलंच नाही, कारण गाडी त्यांच्यासमोर कधी बंदच पडली नाही. प्लग झाले, फिल्टर झाला, इग्निशन कॉइल झाली, शेवटी पंप झाला. पंप बदलल्यावर आठ दिवस गाडी लोण्यासारखी चालली. त्या आठ दिवसांतच मी ते पंपपुराण गावभर वाटलं.

तुम्ही वही दिलीत. दिलीत म्हणजे खिशातली छोटी डायरी काढून मागची कोरी पानं फाडून दिलीत आणि त्यावर रकाने आखलेत: वेळ, इंजिन चालू होऊन किती मिनिटं, टाकीत किती पेट्रोल, गाडी उभी की चालती, कुठला गिअर, काटा, दिवे, आणि परत सुरू व्हायला किती वेळ. वर एक सूचना: आधी गाडी सुरक्षित कडेला, मग लिखाण. बंद पडली तर स्टिअरिंग जड होईल, घाबरू नका. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा, कारण ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. हे मला गाडी विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं आणि गाडी शिकवणाऱ्यानेही.

दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. त्या घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा, खरं सांगते, मला त्यात काहीच दिसत नव्हतं. तुम्ही चष्मा लावून बसलात आणि पहिली गोष्ट ही म्हणालात की "गरम झाल्यावर" हे खोटं आहे. अकरापैकी दोनदा ती सकाळी, पाच मिनिटांच्या आत, इंजिन गार असताना बंद पडली होती. "वीस मिनिटं" हेही खोटं. परत सुरू व्हायला कधी एक मिनिट लागलं होतं, कधी सहा, एकदा पस्तीस. वीस मिनिटं मी थांबायचे, कारण मला कुणीतरी वीस मिनिटं थांबा असं सांगितलं होतं! माझं ते सुबक वाक्य असं दोन रकान्यांत संपलं.

पेट्रोलच्या रकान्यातही काही नव्हतं. टाकी भरलेली असतानाही पडत होती, निम्मी असतानाही. मग तुमचं बोट गिअरच्या रकान्यावर फिरायला लागलं. पहिला, पहिला, रिव्हर्स, पहिला. अकरापैकी सात वेळा मी क्लच सोडत होते. मला वाटलं, आता माझ्या ड्रायव्हिंगवर येणार. तुम्ही मात्र तळहात आडवा धरून तिरका केलात आणि म्हणालात, "क्लच सोडला की इंजिन असं कलंडतं. रबरी माउंटवर बसलेलं असतं ना ते. जुन्या गाडीत माउंट मेलेला असला तर जास्तच कलंडतं. त्याच्याबरोबर काहीतरी ओढलं जातंय."

आणि नववी नोंद. तिच्यावर तुम्ही पेन्सिलने गोल केलात. उताराला तिसऱ्या गिअरमध्ये होते, एकदम ओढ गेली, आणि या वेळी मी काटा पाहिला. शून्यावर. पेट्रोलचा काटा जागेवर, तापमानाचा काटा जागेवर, फक्त आरपीएमचा खाली पडलेला. दोनेक सेकंदांनी एक गचका बसला आणि गाडी आपोआप परत चालू झाली. मी ही नोंद कंसात लिहिली होती, कारण माझ्या मते ती "पूर्ण बंद" पडलीच नव्हती.

तुम्ही मला विचारलंत, तिसरा गिअर पडलेला, क्लच सोडलेला, गाडी उतारावर चाललेली, मग इंजिन फिरत होतं की नव्हतं? फिरत असणारच, चाकंच त्याला फिरवत होती. मग काटा शून्य का? इथे मला पहिल्यांदा तो झटका बसला, जो बहुधा तुम्हाला पहिल्याच दिवशी रस्त्यावर बसला असेल. इंजिन फिरत होतं, पण ते फिरतंय ही बातमीच ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पोचत नव्हती.

ती बातमी देतो क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, सेन्सर. पुष्कळ गाड्यांत साठ दातांच्या चाकातले दोन दात मुद्दाम काढलेले असतात. सेन्सर दात मोजतो, आणि ती रिकामी जागा आली की ईसीयूला कळतं की शाफ्ट नेमका कुठे आहे. हा सिग्नल गेला की ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलं. मग तो ठिणगी बंद करतो, इंजेक्टर बंद करतो, आणि पंपाचा रिलेही सोडतो.

शेवटच्या तीन शब्दांवर माझं वर्ष गेलं, काका. रिले सुटला की पंपाची वीजच जाते. माझ्या मेकॅनिकने एकदा गाडी बंद असताना पेट्रोलच्या प्रेशरचं गेज लावून पाहिलं होतं आणि सेल्फ मारूनही प्रेशर चढत नव्हतं. त्यावरून पंप मेला असं ठरलं. त्याने ठिणगीही तपासली असती तर तीही नव्हती, हे कळलं असतं. तुम्ही म्हणालात, "दोन गोष्टी एका वेळेस मरत नाहीत हो. दोघींना सांभाळणारा बघायचा." आणि स्कॅनरमध्ये ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड का सापडत नव्हता तेही तेव्हा उलगडलं. गाडी चालताना सिग्नल पूर्ण गेला तर ईसीयूला वाटू शकतं की इंजिन नेहमीसारखं बंद झालं. त्यात तक्रार करण्यासारखं त्याला काय दिसणार? "कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक" हे मला तीन ठिकाणी ऐकवलं गेलं होतं.

आता तो रविवार. लोक म्हणतात ना, हाडाचा कारागीर बघताक्षणी ओळखतो. तुम्ही ओळखलं नाहीत आणि तसं स्पष्ट म्हणालातही. तुमचा पहिला अंदाज इंजिनच्या अर्थिंगच्या, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या, पट्टीवर होता. ती पण इंजिन हललं की ओढली जाते. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनच्या अंगाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलंत. ०.१ व्होल्ट. "उत्तम आहे. माझं चुकलं," एवढं बोलून तुम्ही पुढे निघालात. ते दोन शब्द मी त्या वर्षभरात कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते, माझ्या स्वतःच्या तर नाहीच.

मग सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवलात. दोन वायरींचा, आत तांब्याची गुंडाळी असलेला. रोध ८६० ओहम, तापत गेला तसा हळूहळू ९८० पर्यंत चढला आणि थांबला. मी म्हटलं, "बदलला ना आकडा! हाच!" तुम्ही हसलात. तांबं तापलं की रोध वाढतोच, दर अंशाला साधारण ०.४ टक्के, मेलेली गुंडाळी असती तर आकडा चढला नसता, उडाला असता. सेन्सर चांगला निघाला. मी तर हिरमुसलेच. नवा सेन्सर मी आधीच आणून ठेवला होता, गाडीच्या डिकीत.

इथे कुणीही थांबलं असतं. तुम्ही सेन्सर परत बसवलात, प्लग जोडलात, बॅटरीची वायर काढलीत आणि ईसीयूच्या बाजूचा मोठा प्लग सोडवून त्याच दोन वायरींवर क्रोकोडाइल क्लिप लावल्यात. म्हणजे आता मीटर फक्त सेन्सर मोजत नव्हता, मधला सगळा रस्ता मोजत होता. मीटर माझ्या हातात. तुम्ही लाकडी पट्टीने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू ढोसत निघालात, एकेक वीत. ८६०. ८६०. ८६१. ८६०. मग तुम्ही इंजिनला वरून दोन्ही हातांनी पुढे ढकललंत, क्लच सोडल्यावर कलंडतं तसं, आणि पडद्यावरचा आकडा गायब झाला. सोडलंत, ८६०. ढकललंत, गायब.

मी ओरडले. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी बघितलं. तुम्ही फक्त "परत" म्हणालात आणि आणखी चार वेळा तेच केलंत, चारही वेळा आकडा गेला, तेव्हा कुठे तुम्ही चेहरा सैल सोडलात.

वायरीचं वरचं आवरण शाबूत होतं. नुसत्या नजरेला काहीच सापडलं नसतं. ब्रॅकेटवरची एक क्लिप पूर्वी कधीतरी, कुठल्यातरी कामात काढली गेली होती आणि परत लावलीच नव्हती. त्यामुळे वायर सैल लोंबत होती आणि इंजिनच्या प्रत्येक हेलकाव्याला त्याच एका जागी वाकत होती. आतले तांब्याचे धागे तुटले होते, टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. कधी टेकायची, कधी नाही. एक मिनिट आणि पस्तीस मिनिटं या दोन्हींचं उत्तर तेच. तुम्ही तुटका तुकडा कापून नवी वायर घातलीत, डाग दिलात, तापवलं की आवळणारी हीट श्रिंकची नळी चढवलीत आणि बाहेरची संरक्षक जाळी पुन्हा जोडायला विसरला नाहीत. मला ती जाळी शोभेची वाटली होती. इग्निशनच्या विजेच्या गोंगाटापासून त्या बारीक सिग्नलला तीच वाचवते, हे तेव्हा कळलं. नवी क्लिप बसली. इंजिनचा माउंट मी नंतर बदलून घेतला, तुमच्याच हुकमाने.

घरी निघताना मी म्हटलं, चला, सुटलो. तुम्ही म्हणालात, इतक्यात नाही. मधूनमधून येणाऱ्या बिघाडात जो भाग सगळ्यात शेवटी बदलला त्यालाच श्रेय मिळतं, पंपाला मिळालं तसं. सरासरी चार दिवसांनी बंद पडणारी गाडी आठ दिवस चालली तर त्यात नशिबाचाही हात असू शकतो. काहीच दुरुस्त झालेलं नसलं तरी शंभरात पाच वेळा ती नुसत्या योगायोगाने बारा दिवसही चालेल. वही चालू ठेवा. मी ठेवली. चार महिने झाले. बाराव्या नोंदीची ओळ अजून कोरी आहे.

डिकीतला नवा सेन्सर दुकानदाराने परत घेतला, थोडं तोंड वाकडं करून. पंप ज्यांना बदलायला लावला त्या दोघांना मी फोन केला. एकाची गाडी खरंच पंपामुळेच बंद पडत होती, त्यामुळे तो उलट माझेच आभार मानत होता. दुसऱ्याला वही पाठवली आहे, रकाने आखून. तो विचारत होता, काटा कशाला बघायचा. त्याला तुमचा नंबर दिलेला नाही, घाबरू नका. त्याने आधी अकरा नोंदी कराव्यात.

आणि तुमची एक लाल क्रोकोडाइल क्लिप माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडली. रविवारी आणून देते. गाडीनेच येईन.

तुमची,
रस्त्याच्या कडेची ताई