‘विल’ही हवं, ‘टेस्टामेंट’ही हवं

पुणे,
रविवार दुपार

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

मृत्युपत्राच्या इंग्रजी मसुद्यात ‘लास्ट विल अँड टेस्टामेंट’ असं एकाच गोष्टीला दोनदा का म्हणायचं, हा तुझा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत उरकण्यातला नव्हता, म्हणून ‘लिहून कळवतो’ म्हणालो. लिहायला बसलो तर थेट १०६६ पर्यंत मागे जावं लागतंय. तेव्हा पक्षकार नसतील अशा वेळी वाच.

लढायांचं थोडक्यात आटोपतो. १०६६ च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि त्याचा मेहुणा हॅरॉल्ड गादीवर बसला. त्याने २५ सप्टेंबरला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजजवळ नॉर्वेच्या राजाला लोळवलं. तीनच दिवसांनी उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. दमल्याभागल्या फौजेनिशी हॅरॉल्ड खाली धावला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत पडला.

त्याच नाताळात विल्यमचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टरच्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांना ‘हा राजा तुम्हाला मान्य आहे का’ असं एका धर्मगुरूने इंग्रजीत विचारलं आणि दुसऱ्याने फ्रेंचमध्ये. आतून मोठ्याने होकार आला. बाहेर पहाऱ्यावरच्या नॉर्मन शिपायांना त्या गलक्यातलं काही कळेना. त्यांना वाटलं दंगा झाला, म्हणून त्यांनी शेजारची घरं पेटवून दिली! लोक चर्च सोडून पळाले आणि उरलेला विधी पाद्र्यांनी घाईघाईत, थरथरणाऱ्या राजासमोर उरकला. कारभाराची सुरुवात ही अशी.

आलेले नॉर्मन असतील काही हजार, आणि देशाची वस्ती साधारण १५ ते २० लाख. पण वीस वर्षांत जमिनीची मालकी मुळापासून बदलली. विल्यमने १०८६ मध्ये राज्यभर पाहणी करून घेतली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या राज्याचा सातबारा, फेरफारासकट. कारण बहुतेक नोंदींत ‘एडवर्ड राजाच्या वेळी कोणाची होती’ आणि ‘आता कोणाची’ हे दोन्ही लिहिलंय. त्या काळच्या एका इंग्रज बखरकाराने चिडून लिहिलं की, सांगायलाही लाज वाटते, पण एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या टीज नदीच्या दक्षिणेला राजाकडून थेट मोठी जमीन धरणारे इंग्रज तोवर दोनच उरले होते: आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्सवाइन. बाकी सगळी वरची नावं विल्यम, रॉबर्ट, रॉजर, ह्यू अशी.

मला मात्र त्या दप्तरातली एक बारकी नोंद फार आवडते. बकिंगहॅमशरमधलं मार्श गिबन नावाचं गाव. तिथली जमीन एडवर्डच्या काळी एल्रिक नावाच्या माणसाची होती. आता तीच जमीन तो एका नॉर्मन धन्याकडून खंडाने कसतोय. इथवर इतर गावांसारखंच. पण कारकुनाने पुढे दोन लॅटिन शब्द जोडलेत, म्हणजे ‘जड अंतःकरणाने आणि हलाखीत’. महसुली कागदावर हे लिहायचं त्याला काही कारण नव्हतं. एल्रिक तिथे उभं राहून कळवळून बोलला असेल, की कारकुनालाच राहवलं नसेल, कोण जाणे.

हे सगळं नुसतं वाईटच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या राज्यात गुलामी राजरोस होती; डूम्सडेच्या आकड्यांनुसार दहातला एक माणूस गुलाम. ब्रिस्टलच्या बाजारात तरुण मुलं-मुली दोरखंडाने एकत्र बांधून आयर्लंडला विकायला उभी करत. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन, जो नॉर्मन राजवटीतही गादीवर टिकलेला जवळजवळ एकटा इंग्रज बिशप, त्याने तिथे पुन्हा पुन्हा जाऊन उपदेश केला आणि हा धंदा बंद पाडला. विल्यमनेही माणसं परदेशी विकायला बंदी घातली. बाराव्या शतकात गुलामी जवळपास संपली. पण त्याच सुमारास स्वतंत्र शेतकऱ्यांपैकी पुष्कळजण खाली घसरले आणि जमिनीला बांधलेली कुळं झाले. धन्याची वेठ करायची, मुलीच्या लग्नालाही त्याला पैसे भरायचे. खालचे थोडे वर आले, मधले बरेच खाली गेले. हिशेब तू मांड.

आता नावांचं बघ. कायद्यापेक्षा मला यात जास्त कळतं. व्हिटबी गावात एका मुलाचं नाव आईबापांनी टोस्टी ठेवलेलं. बरोबरीची पोरं त्या नावावरून चिडवायला लागली, तेव्हा त्याने स्वतःचं नाव बदलून घेतलं. काय घेतलं? विल्यम! ज्याने मुलूख मारला त्याचंच. पुढे तो बार्थोलोम्यू नावाने साधू झाला म्हणून एवढी तरी हकिकत टिकली. श्रूसबरीजवळ जन्मलेल्या ऑर्डरिकचं नेमकं उलटं. बाप फ्रेंच, आई इंग्रज. दहाव्या वर्षी बापाने त्याला नॉर्मंडीतल्या मठात पाठवलं. म्हाताऱ्या वयात तो लिहितो की, तिथे मी बायबलमधला जोसेफ इजिप्तमध्ये गेला तसा कोणाची भाषा न कळणारा परका होतो. तिथल्यांना त्याचं इंग्रजी नाव कानाला टोचलं, म्हणून त्याचा ‘व्हायटॅलिस’ केला. राज्याभिषेकाच्या दिवशीच्या जाळपोळीचं वर्णन त्याच्याच इतिहासात आहे.

आणि हे वरपर्यंत होतं. विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री. त्याने ११०० मध्ये जुन्या इंग्रज राजघराण्याचं रक्त असलेल्या एडिथशी लग्न केलं. राणी झाल्यावर ती मटिल्डा या नावाने वावरली. दरबारी नॉर्मन त्या दोघांना पाठीमागे ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ म्हणायचे, म्हणजे अगदी गावठी इंग्रज नावं. शंभरेक वर्षांत खुद्द गावकऱ्यांच्या घरांतून ही जुनी नावं दिसेनाशी व्हायला लागली.

तुझ्या धंद्यातलाही एक मासला देतो. कुणी नॉर्मन मेलेला सापडला आणि खुनी सापडला नाही, तर आजूबाजूच्या सगळ्या मुलखाने राजाला दंड भरायचा. सुटका हवी असेल तर मयत इंग्रज होता हे सिद्ध करायचं. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात लिहून ठेवलंय की, एकमेकांत लग्नं होऊन लोक इतके मिसळलेत की स्वतंत्र माणसांत नॉर्मन कोण आणि इंग्रज कोण हे आता ओळखू येत नाही. मग दंड रद्द व्हायला हवा की नाही? झाला तो १३४० मध्ये. तिजोरीत येणारा पैसा कोण सोडतो!

आता भाषा. राज्यकर्ते फ्रेंच बोलू लागले आणि लगेच इंग्रजीत फ्रेंच शब्दांची गर्दी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तसं घडलं नाही. पहिल्या काळात इंग्रजी दप्तरातून बाहेर फेकली गेली. राजाची फर्मानं इंग्रजीत निघायची ती १०७० च्या सुमारास लॅटिनमध्ये निघू लागली. पीटरबरोच्या मठात इंग्रजी बखर ११५४ पर्यंत कशीबशी चालली. त्या शेवटच्या पानांत फ्रेंच शब्द आहेत, पण मोजके आणि कसले, तर किल्ला, तुरुंग, न्यायाधिकारी, खजिना. जनतेला बाहेरून जेवढं दिसायचं तेवढंच भाषेत आलं. दरम्यान दप्तराचा धाक गेल्यामुळे बोलीच्या वाटा मोकळ्या झाल्या. उत्तरेत स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांच्या शेजाराने विभक्तिप्रत्यय आधीपासूनच झिजत होते, ते आता झपाट्याने गळले. आपल्यासारखी नामांना तीन लिंगं होती, तीही गेली.

शब्दांचा खरा लोंढा आला तो १२५० नंतर. का? कारण १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली आणि हळूहळू बड्या घराण्यांची घरची भाषाच इंग्रजी झाली. तेराव्या शतकात वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ नावाच्या सरदाराने एका उमराव बाईसाठी, तिच्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून, एक पद्यमय पुस्तक लिहिलं. त्यात फ्रेंच ओळींच्या वर इंग्रजी अर्थ दिलेत. म्हणजे त्या पोरांना कळत होती ती इंग्रजी! फ्रेंच शिकवणी लावून शिकायची वेळ आली होती. अशी माणसं इंग्रजी बोलायला लागली की कोर्ट, कर, फॅशन, स्वयंपाक, धर्म यांचे शब्द कुठून आणणार? सवयीचे तेच घेऊन आली. फ्रेंच राज्य करत होती तेव्हा इंग्रजीला तिने फारसं काही दिलं नाही. दिलं ते घर सोडून जाताना. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे.

(गोठ्यात इंग्रज म्हणून ‘काऊ’ आणि ताटात नॉर्मन म्हणून ‘बीफ’, हा किस्सा तू नक्की ऐकला असशील. चटपटीत आहे, पण पुढे कित्येक शतकं ‘बीफ’ जिवंत जनावरालाही म्हणत होते. ताटाबाहेरही होतं ते.)

चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीनंतर तर शाळांतूनही फ्रेंच उठली. १३८५ मध्ये जॉन ट्रेव्हिसा लिहितो की, आता पोरांना फ्रेंच इतकी येते जितकी त्यांच्या डाव्या टाचेला! त्याआधी १३६२ मध्ये कायदा झाला की, फ्रेंच लोकांना समजत नाही, तेव्हा कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. आणि वकिलांनी तो मनावर घेतला असं तुला वाटत असेल तर तू स्वतःच्या जमातीला ओळखत नाहीस.

तर तुझी जोडी. ‘विल’ जुनं इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनमधून आलेलं. ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’ यांतही पहिला इंग्रजी, दुसरा फ्रेंच. तीन भाषांत काम करणाऱ्या वकिलांना शंका ठेवायची नव्हती, हे एक कारण. पण ज्युनिअरला सरसकट हेच सांगू नकोस. ‘हॅव अँड होल्ड’मधले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी, ‘नल अँड व्हॉइड’मधले दोन्ही फ्रेंच. जोडी लावून बोलायची खोड इंग्रजांना नॉर्मनांच्या आधीपासूनच होती.

तुमच्या कोर्टात तर हा मुलूख अजून नांदतोय. समन्स घेऊन येणारा बेलिफ फ्रेंच, अपील फ्रेंच, मॉर्गेज तर धडधडीत ‘मेलेलं गहाण’. वॉरंटची गंमत वेगळी. पॅरिसकडे जिथे ‘ग’ म्हणत तिथे नॉर्मन ‘व’ म्हणायचे. म्हणून हवालदाराच्या हातातलं वॉरंट आणि नव्या मिक्सरच्या खोक्यातली गॅरंटी हे एकाच घरातले भाऊ. एक नॉर्मंडीहून आलेला, दुसरा मागाहून पॅरिसच्या बाजूने.

कायद्याची फ्रेंच अखेर १७३३ मध्ये कोर्टातून हद्दपार झाली. तोवर तिची काय दशा झाली होती ते ऐक. १६३१ मध्ये सॉल्झबरीला एका कैद्याला शिक्षा सुनावल्यावर त्याने मुख्य न्यायाधीश रिचर्डसनच्या अंगावर विटेचा तुकडा भिरकावला. त्याची नोंद अशी: ‘जेक्त अं ब्रिकबॅट आ ल दि जस्टिस, के नॅरोली मिस्ट’, म्हणजे सदर न्यायाधीशावर विटेचा तुकडा फेकला, तो थोडक्यात हुकला. फ्रेंच येईना आणि इंग्रजी लिहवेना! त्या बिचाऱ्याचा उजवा हात तोडून त्याला तिथल्या तिथे, कोर्टासमोर फाशी दिलं, हेही त्याच खिचडी भाषेत लिहिलंय. बाररूममध्ये सांग, पण न्यायाधीश कोण बसलेत ते बघून.

वहिनींना नमस्कार. गणपतीत येतोयस का ते कळव.

तुझा,
विश्वास